नाव न विचारणारं मशीन

— केळ्याला लवंगेचा वास येतोय.

— मला सर्दी झाली होती, एवढंच.

— लाइट गेली. आली. परत गेली.

— आइस्क्रीमवाल्यानं पिंप परत पाठवलं. वर म्हणाला, दाढ दुखायला लागली की मागवून घेऊ.

— किल्ली खिळ्यालाच असते. कोनीबी घ्यावी.

— फाइल नाही म्हणालं. म्हणजे बोललं काहीच नाही, नुसतं प्रश्नचिन्ह.

— गिरीज गावच्या पोरीला इथे मीच लावलं.

— बाय, बटणाला हात लावू नकोस.

(१९८८. वसई रोडच्या पूर्वेला खाण्याचे एसेन्स बनवणारा एक कारखाना, त्यातली कॉम्प्युटरची खोली. मंगळवार, दुपार. मघाशी लाइट जाऊन आलेली, मशीन बंद. रेजिना कॉम्प्युटर सांभाळते. आलोशियस मुख्य ब्लेंडर. एसेन्सचं सगळं मिश्रण त्यांच्या नाकावर चालतं, म्हणून कारखान्यात त्यांना मास्तर म्हणतात.)

रेजिना: लाइट आली, मशीन चालू करायला नको?

आलोशियस: नको. मालक चार वाजता येतायत. तोवर तू याला हात लावायचा नाही, असा त्यांचा निरोप आहे.

रेजिना: निरोप त्यांचा की तुमचा?

आलोशियस: माझ्या तोंडून आला म्हणून माझा होत नाही.

रेजिना: काका, सकाळपासून सगळे भिंतीकडे बघून माझ्याशी बोलतायत. लॅबमधली लिडिया रोज डबा घेऊन इथे येते, आज आली नाही. फर्डिनंडला विचारलं तर म्हणाला, मला विचारू नकोस, मी फक्त कागदावर लिहिलेलं ओततो. शेवटी चहावाल्याला विचारलं. त्याला सगळं माहीत होतं.

आलोशियस: काय माहीत होतं?

रेजिना: की सोमवारची केळ्याची बॅच मी मुद्दाम बिघडवली.

आलोशियस: चहावाले फार बोलतात.

रेजिना: त्यांना कोणीतरी सांगतं म्हणून बोलतात. मालकांना तुम्ही असं म्हणालात?

आलोशियस: मी म्हटलं, कागद मशीनमधून निघतो आणि मशीन एकीच्याच हातात असतं. बाकीची बेरीज त्यांनी केली.

रेजिना: बेरीज करण्याएवढे आकडे देऊन ठेवलेत म्हणजे.

आलोशियस: तूच दुसरी बेरीज करून दाखव. सोमवारी मी घरी, अंथरुणात. तू केळ्याच्या एसेन्सचा कागद छापून फर्डिनंडला दिलास. त्यावर लवंगतेल किती होतं? केळ्यात लवंग घालतात ती नजर न लागण्याएवढी, वास यायला नको, नुसतं केळं पिकलेलं वाटावं. तुझ्या कागदावर होतं त्यात दातांचा दवाखाना उघडला असता. त्या पोराने ओतलं. पिंप गेलं, गिऱ्हाईक गेलं.

रेजिना: मशीनमध्ये होतं ते छापलं गेलं. आकडे मी ठरवत नाही. केळ्याची फाइल तुमच्या नावाने आहे, तुमच्या पासवर्डने उघडते.

आलोशियस: आणि तुला माहीत नाही असा पासवर्ड या खोलीत आहे?

रेजिना: पासवर्ड माहीत नाही. पण मला सगळीकडे जाता येतं, ते मी नाकारत नाही. फक्त गेले तर नोंद राहते. कोण आलं, कधी आलं, कधी उठलं. सकाळी काढून बघितली. शनिवारी संध्याकाळी मी मशीन बंद केलं, सोमवारी मीच चालू केलं. मधे एक नाव नाही.

आलोशियस: नोंदही तुझ्याच मशीनमध्ये.

रेजिना: असं म्हटलं की मग माणसाने काय बोलायचं?

आलोशियस: म्हणूनच मी म्हणतो, मालकांशी बोल.

रेजिना: चार वाजता काय होणार, ते तरी सांगा. आडून नको.

आलोशियस: पत्र देतील.

रेजिना: काढल्याचं.

आलोशियस: काढल्याचं. आणि का काढलं, त्याचं. शुक्रवारी वसाहतीतले सगळे कारखानदार एका टेबलाशी जेवतात, तुला ठाऊक आहे.

रेजिना: म्हणजे शनिवारपासून इथून बोरिवलीपर्यंत कोणी मला मशीनसमोर बसवणार नाही. काका, नोकरी जाऊ दे, दुसरी मिळते. पण ‘माल बिघडवणारी’ हे एकदा नावाला लागलं की ते काढायला कुठल्या दुकानात जायचं? मला मालकांसमोर एकच वाक्य हवंय, तुमच्या तोंडून. रेजिनाने हे केलेलं नाही. बाकी काही नको.

आलोशियस: खात्री नसताना मी ते म्हणू?

रेजिना: मी केलं याची खात्री होती?

आलोशियस: तुझा बाप बॅप्टिस्ट, त्याच्या वाडीत मी पंधरवडा घोंगडी टाकून राहिलो होतो. वेलची केळ्याचा घड उतरवला की पहिल्या दिवशी काय वास, चौथ्या दिवशी काय. तो हसायचा. म्हणायचा, अलूस, केळं खायचं असतं, तू नुसतं नाकाला लावतोस. हे एसेन्स म्हणजे त्याच्या वाडीतलं केळं आहे, बाय. तुझ्यासाठी त्याने शब्द टाकला तेव्हा मी मालकांना सांगितलं, पोरगी आपल्यातली आहे. आणि त्याच केळ्याला तू—

रेजिना: मी काही केलेलं नाही. बाबांना यात आणू नका.

आलोशियस: मग रविवारी कुठे होतीस? शेजारची सेलिन म्हणाली, मिस्साला देवळात नव्हतीस.

रेजिना: सेलिन देवळात प्रार्थनेला जाते की हजेरी घ्यायला?

आलोशियस: कुठे होतीस?

रेजिना: तुम्हाला कळलंच असेल, म्हणून विचारताय. भाईंदरला होते. त्या दुसऱ्या एसेन्सवाल्यांकडे.

आलोशियस: कळलं नव्हतं.

रेजिना: मग आता कळलं.

आलोशियस: रविवारी? त्यांच्याकडे?

रेजिना: त्यांनी नवीन मशीन घेतलंय. चालवायला माणूस नाही. बोलावलं, बघून आले. चहा दिला, खारी दिली. आपल्या एकाही गोष्टीबद्दल मी बोलले नाही.

आलोशियस: त्यांनी विचारलंही नसेल. इतके भले लोक.

रेजिना: विचारलं. केळ्याबद्दलच विचारलं. मी म्हटलं, मी मशीन चालवते, भट्टी नाही.

आलोशियस: आणि दुसऱ्या दिवशी आमचं पिंप कडू निघतं. बाय, मी म्हातारा आहे, बावळट नाही.

रेजिना: दिसतंय कसं ते मला कळतं. म्हणूनच मी आत्तापर्यंत गप्प होते. पण एक सांगा. बॅच सोमवारची. कागद सोमवारी छापला. मग तुम्ही रविवारचं का विचारलंत?

आलोशियस: असंच.

रेजिना: मी शनिवार म्हटलं, सोमवार म्हटलं. रविवार तुम्ही काढलात.

आलोशियस: दोघांच्या मधे रविवारच येतो.

रेजिना: सोमवारी सकाळी या खोलीत निलगिरीचा वास होता. मला वाटलं, गेटवरच्या काशीरामचं डोकं दुखत असेल, इथे बसला असेल पंख्याखाली. तुमच्या रुमालाला आत्ता तोच वास आहे.

आलोशियस: सर्दी कोणालाही होते.

काशीराम: मास्तर, येऊ का? मालकांचा फोन आलता हापिसात. निघाले म्हने घरून. केबिनमधला पंखा लावून ठेवू?

रेजिना: काशीराम, थांबा जरा. रविवारी गेटवर तुम्हीच होतात ना?

काशीराम: मीच. दुसरा कोन येतो रविवारी? बायको पन येत नाय डबा घेऊन.

रेजिना: या खोलीची किल्ली कोणी नेली होती?

काशीराम: मी कायबी सांगनार नाय, बाई. मास्तरांनी सांगू नको म्हटलंय.

रेजिना: बरं.

काशीराम: म्हंजे… मी नाव घेतलं नाय कुनाचं.

आलोशियस: काशीराम, तुझ्यापेक्षा कुत्रं पाळलं असतं तर बरं झालं असतं.

काशीराम: कुत्रं भुंकलं असतं, मास्तर. मी निदान दार उघडलं.

रेजिना: आता माझी पाळी. रविवारी तुम्ही इथे काय करत होता?

आलोशियस: तुला उत्तर द्यायला मी बांधील नाही.

रेजिना: मालकांना द्याल. काशीराम तिथेही काही सांगणार नाहीत, असंच.

काशीराम: मला मधे घेऊ नका, मी गरीब मानूस.

आलोशियस: माझी फाइल बघायला आलो होतो. माझी. स्वतःची. त्यात चोरी नाही. आणि बघितली तर फाइल नव्हती. ऐकलंस? शनिवारी होती, रविवारी नाही. कोणी पुसली? मी बसून पूर्ण फाइल परत लिहिली, पहिल्या थेंबापासून शेवटच्या थेंबापर्यंत, बरोबर लिहिली, आणि बंद करून घरी गेलो. सोमवारी कागद निघतो तो जुना. म्हणजे कोणीतरी माझं लिहिलेलं काढून जुनं परत घातलं. आता सांग, मी कोणावर संशय घ्यायचा? काशीरामवर?

काशीराम: मला ए बी सी डी येत नाय.

रेजिना: जुना म्हणजे? जुना आणि बरोबर, असे दोन वेगळे होते?

आलोशियस: ते सोड.

रेजिना: सोडत नाही, बाजूला ठेवते. तुम्ही बटण दाबलंत, मशीन चालू झालं. मग त्याने नाव विचारलं?

आलोशियस: नाही.

रेजिना: पासवर्ड?

आलोशियस: नाही. अर्धा ग्लास पाणी प्यायला लागतं तेवढा वेळ घरघर केली आणि ते जाळीसारखं चिन्ह टाकून उभं राहिलं. मला बरंच वाटलं. म्हटलं, नाव नको तर नको.

रेजिना: म्हणजे नाव राहायला नको होतं तुम्हाला.

आलोशियस: मी मुद्दाम केलं नाही. पण वाईटही वाटलं नाही.

रेजिना: मग फाइल उघडलीत, मी तुम्हाला शिकवलं होतं तशी.

आलोशियस: तशीच. तू सिगारेटच्या पाकिटावर लिहून दिलं होतंस ना, ते जपून ठेवलंय. तर पडद्यावर प्रश्नचिन्ह. तूच म्हणाली होतीस, प्रश्नचिन्ह आलं म्हणजे त्या नावाचं काही नाही.

रेजिना: आई गं.

आलोशियस: काय झालं?

रेजिना: थांबा. मला नीट विचार करू दे. तुम्ही ती लिहून ठेवलीत, ‘डब्ल्यू’ दाबलंत, आकडा आला?

आलोशियस: आला. आणि बंद करायच्या आधी, लिहिलेलं डिस्कवर बसावं म्हणून, ‘सिंक’, ‘सिंक’, दोनदा. तू सांगितलंस तसं. नमस्कार केल्यासारखं.

रेजिना: मग तुमचं लिहिलेलं कोणी काढलेलं नाही, काका. आणि जुनीही कोणी पुसली नव्हती. दोन्ही आहेत. आत्ता, या क्षणी, या मशीनमध्ये दोन्ही आहेत.

आलोशियस: एका नावाच्या दोन?

रेजिना: हे मशीन उठतं ते दोन तऱ्हांनी. एक सगळ्यांसाठी. तेव्हा ते दोन्ही डिस्क उघडतं, लॅबचा आणि स्टोअरचा पडदा जागा करतं, प्रत्येकाला नाव विचारतं, आला-गेला लिहून ठेवतं. दुसरी तऱ्हा एकट्यासाठी. दुरुस्तीची. त्यात नाव नाही, नोंद नाही, जो खुर्चीवर बसला तो मालक. आणि त्यात पहिलीच डिस्क उघडी असते. फॉर्म्युले दुसरीवर आहेत. तुम्ही बघितलंत ते दुसऱ्या डिस्कच्या जागेवरचं रिकामं खोकं. त्यात तुम्ही लिहिलंत. सोमवारी मी सगळ्यांसाठी उठवलं, तशी दुसरी डिस्क त्याच जागेवर येऊन बसली. तुमचं खाली राहिलं.

काशीराम: भरतीखालची मेर, म्हंजे बांध. पानी चढलं की दिसत नाय, असते तितंच.

रेजिना: हो. तसंच.

आलोशियस: गोष्ट छान आहे. पण मशीन एकट्यासाठी कसं उठलं? मी तर नुसतं बटण दाबलं. एरवी लॅबच्या पडद्यावर बसलो की ते आधी नाव विचारतं.

रेजिना: कुठल्या तऱ्हेने उठायचं, ते एका ओळीत लिहिलेलं असतं. ती ओळ मी बदलली होती.

आलोशियस: तू.

रेजिना: मी. पावसाळ्यात लाइट दिवसातून चार वेळा जायची. आली की कोणीतरी बटण दाबायचं, मशीन सगळ्यांसाठी उठायचं, लिडिया लगेच टाइप करायला बसायची, आणि खाली डिस्क अर्धवट तुटलेली. एकदा संत्र्याचा सगळा हिशोब आंब्यात गेला, आठवतं? म्हणून मी ठरवलं, चालू केलं की याने आधी एकट्यासाठी उठून थांबायचं. मी तपासेन, मग सगळ्यांना आत घेईन. मालकांना विचारलं नाही. तुम्हालाही सांगितलं नाही. आणि खोलीची किल्ली खिळ्याला ठेवत गेले.

आलोशियस: म्हणजे ज्या दारावर नाव विचारत नाहीत, ते दार तू उघडं ठेवलंस.

रेजिना: हो. तेवढं माझं. तेवढं मी मालकांना सांगणार.

आलोशियस: आणि मी यावर विश्वास ठेवू? तू मशीन चालू करशील, आत काय बोटं फिरवशील, मला म्हणशील, ही बघा तुमची फाइल. मला काय कळणार?

रेजिना: मी हात लावणारच नाही. मालकांचा निरोप आहे ना. तुम्ही बसा खुर्चीवर. मी तिकडे दारात उभी राहते, काशीरामशेजारी. रविवारी केलंत ते सगळं परत करा.

काशीराम: मी साक्षीदार काय?

आलोशियस: तू भिंत आहेस. उभा राहा.

काशीराम: उभाच हाय.

आलोशियस: दाबतो बटण.

रेजिना: दाबा.

मशीन: #

आलोशियस: आली जाळी. नाव विचारलं नाही.

रेजिना: आता पाकीट काढा आणि त्यावर आहे तसं करा. घाई करू नका.

आलोशियस: मला सांगू नकोस. सी, डी… फॉर्म्युला. बरं. ई, डी… के, ई, एल, ए, केळं. रविवारी इथेच प्रश्नचिन्ह आलं होतं.

रेजिना: आत्ता काय येतं ते मोठ्याने वाचा.

मशीन: 312

आलोशियस: तीनशे बारा.

रेजिना: आकडा आला म्हणजे फाइल आहे. एवढी अक्षरं आहेत तिच्यात. आता सगळी बघायची असेल तर एक, स्वल्पविराम, डॉलर, पी.

आलोशियस: काशीराम, तू बाहेर जा.

काशीराम: साक्षीदार बाहेर कसा जाईल?

आलोशियस: गेटवर जा. गाडी आली की सांग. आणि बाय, तू तोंड तिकडे कर.

रेजिना: केलं. गेला तो. बोला.

आलोशियस: माझंच आहे. रविवारचं. एका ठिकाणी ‘व्हॅनिलिन’ चुकीचं लिहिलं होतं, तेही तसंच आहे. डोकं जड झालं होतं सर्दीने.

रेजिना: मग?

आलोशियस: मग काय.

रेजिना: मघाशी एक गोष्ट बाजूला ठेवली होती. जुनी फाइल कोणी पुसली नाही, कोणी बदलली नाही. सोमवारी तीच छापली. म्हणजे लवंगतेलाचा तो आकडा पहिल्यापासूनच तसा होता. मी इथे लागले त्या वर्षी तुम्ही माझ्यासमोर बसून सांगत होता आणि मी टाइप करत होते. तेव्हापासून.

आलोशियस: हो.

रेजिना: मग इतकी वर्षं एकही पिंप कडू कसं झालं नाही?

आलोशियस: कारण शेवटची बाटली मी ओततो. फर्डिनंडला मी कधी ओतू दिली? कागदावर काहीही असो. मी त्याला म्हणतो, तू बाजूला हो, झाकण पुस. तो झाकण पुसतो आणि मी नाकाने ओततो.

रेजिना: कागद मुद्दाम खोटा.

आलोशियस: खोटा म्हणू नकोस. रिवाज आहे. मस्जिद बंदरला ज्यांच्याकडे मी शिकलो, त्या बड्या मियांनी मला सगळं लिहून दिलं आणि म्हणाले, यातली एक गोष्ट चूक आहे, कुठली ते नाकाला विचार. तीन पावसाळे लागले मला ती सापडायला. सापडली तेव्हा म्हणाले, आता तूही लिहिशील तेव्हा एक चूक ठेव. ज्या दिवशी कागद पूर्ण होईल त्या दिवशी मालकाला तू नको, कागद पुरेल. तेव्हा कागद होता. मग हे मशीन आलं. मालक म्हणाले, अलूस, सगळं यात घाल, उद्या तू नसलास तर? उद्या तू नसलास तर, हे माणूस किती सहज म्हणतो बघ.

रेजिना: मग रविवारी बरोबर का लिहायला आलात?

आलोशियस: कारण शनिवारपासून मला वास येत नाही.

रेजिना: सर्दीने.

आलोशियस: डॉक्टर सर्दी म्हणत नाही. आत काहीतरी वाढलंय म्हणतो, कापावं लागेल, आणि नंतर येईलच असं नाही. रविवारी सकाळी बायकोने बोंबील भाजले. शेजारच्या आळीतून लोक म्हणाले, काय घमघमाट. मला नुसता धूर दिसला. मी मिस्सा अर्धा टाकून इथे आलो. म्हटलं, सोमवारी मी नसेन, तो पोरगा कागद बघून ओतेल. निदान केळं तरी नीट व्हावं. कोणाला न कळता. लिहून गेलो, घरी पडून राहिलो, निश्चिंत. आणि मंगळवारी येऊन ऐकतो तर दाढदुखीचं औषध. तूच सांग, माझ्या जागी कोणाला वाटलं नसतं की ही पोरगी सगळं बघून होती, माझं खोटं तिला सापडलं आणि तिने मला उघडं पाडलं?

रेजिना: मला विचारता आलं असतं.

आलोशियस: विचारायचं म्हणजे आधी सांगावं लागलं असतं.

रेजिना: हं.

आलोशियस: ही फाइल तू आता पुसू शकतेस ना? या तऱ्हेत. नाव नाही, नोंद नाही.

रेजिना: तुम्हीही पुसू शकता. खुर्चीवर तुम्ही आहात. एक शब्द टाइप करायचा. मग माझ्याकडे दाखवायला काही नाही, काशीरामने कोणाला किल्ली दिलीच नाही, आणि पिंप मी बिघडवलं.

आलोशियस: कुठला शब्द?

रेजिना: आर एम. मोकळी जागा. मग के, ई, एल, ए.

आलोशियस: सांगितलास.

रेजिना: विचारलंत.

काशीराम: मास्तर, गाडी फाटकात शिरली. मालकांबरोबर कोन दुसरे पन हायत.

आलोशियस: येतो. नको, केबिनमध्ये बसवू नको त्यांना. आणि सांग, मास्तर म्हणतात, तुम्हीच इकडे या. कॉम्प्युटरच्या खोलीत.

काशीराम: इकडे? मालकांना?

आलोशियस: इकडे. जा.

रेजिना: काय सांगणार आहात?

आलोशियस: हेच. पडद्यावर आहे ते. माझी रविवारची फाइल, आणि तू दुसरी डिस्क उघडून दाखवशील ती माझी जुनी. दोन्ही माझ्याच. तुला हवं होतं ते वाक्य मी पहिल्यांदा म्हणेन, मग बाकीचं. उलटं केलं तर ते माझ्या नाकातच अडकून बसतील, तुझ्यापर्यंत यायचे नाहीत.

रेजिना: तुम्हाला ठेवतील?

आलोशियस: वास न येणारा ब्लेंडर आणि पूर्ण झालेली फाइल. तू मालक असतीस तर कोणाला ठेवलं असतंस?

रेजिना: काका…

आलोशियस: असू दे. इकडे ये आता. तोंड फिरव. त्यांची पावलं यायच्या आत बघून घे. लवंगतेलाची ओळ सगळ्यात शेवटची आहे. आकडा नुसता वाचून भागायचं नाही, थंडीत थोडं कमी लागतं, ते मी तोंडाने सांगतो. फर्डिनंडला हे झेपणार नाही. तू बॅप्टिस्टची पोरगी आहेस, ते केळं तुझ्या नाकात आहे, मी तुला लहानपणापासून बघतोय. मी नसलो तर इथे कोणाला तरी ठाऊक पाहिजे. वाच, बाय.

रेजिना: नको.

आलोशियस: का नको? राग धरू नकोस. मीच म्हणतोय ना, वाच.

रेजिना: काका, रविवारी मी भाईंदरवाल्यांना नोकरीसाठी हो म्हणून आले.